खाऱ्या वाऱ्यातलं घर (भाग ३) : मांडवा ते बागमांडला

दिवस पहिला. किहीम

भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रोत चढवली आणि तासाभरात मांडव्याला उतरवली. २०२० च्या मार्चपर्यंत ही सोय नव्हती. पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घ्यायचा आणि वडखळच्या कोंडीत बसून पोह्यांची आठवण काढायची.

आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आणि तिच्या पोटात बसवलेलं घर मागच्या दोन भागांत तुम्ही पाहिलंय. दोन बॅटऱ्या, छपरावर सोलर, शंभर लिटरची टाकी, एक पंप, एक शेगडी, एक पलंग. घाटमाथ्यावर तिने त्रास दिला तो खडखडाटाचा. आता समुद्र. सामान बांधताना ही म्हणाली होती, “अहो, तिकडे दाराच्या कड्यासुद्धा गंजतात. तुमचं काय काय गंजेल ते लिहून काढा.” मी हसण्यावारी नेलं.

मुक्काम किहीमला, एका वाडीत, मालकांना विचारून. याच किहीमला १९३० साली सालिम अलींनी सुगरणींचा अभ्यास केला. नर घरटं अर्धं विणून ठेवतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम. हे हिला सांगितलं. तिने पलंगाखालचा खण ओढून पाहिला, तो पुन्हा अडकला. “हे अर्धंच दिसतंय,” म्हणाली. खणाच्या पट्टीला मेणबत्ती घासली, सरकायला लागला. पहिल्या दिवसाची दुरुस्ती एवढीच.

दिवस दुसरा. अलिबाग

हार्डवेअरच्या दुकानातून तांब्याचे लग, पॉलिश पेपर, वायसर आणि व्हॅसलीनची डबी घेतली. गरज नव्हती. दुकान दिसलं की मला राहवत नाही.

संध्याकाळी चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच पाहिली. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय उपकरणं बिथरणार हे उघड होतं. म्हणून १९०४ साली हा कारभार इथे हलला. चुंबकत्व असलेली वस्तू उपकरणांजवळ चालत नाही, त्यामुळे त्यांच्या इमारती लोखंडाला लांब ठेवूनच बांधल्या. या किनाऱ्यावर गंजाची धास्ती नसलेली घरं बहुधा तेवढीच. आमच्या घराला मात्र शेकडो स्क्रू आहेत.

दिवस तिसरा. रेवदंडा

चौलच्या नारळी-पोफळीतून रेवदंड्याला आलो. किल्ल्याच्या पोर्तुगीज तटाजवळ, वाऱ्याच्या तोंडावर गाडी लावली. इथे चूक झाली. वारा छान लागतो म्हणून मी खूश होतो, आणि तो वारा पाण्याचे बारीक तुषार रात्रभर गाडीवर शिंपडत होता.

जेवणं झाली. भांडी विसळायला हिने नळ उघडला. एरवी घुर्र करून धावणारा पंप माझ्यासारखा कण्हत उठला, दोन चुळा पाणी दिलं आणि बसला. दिवा मंद नाही, पंखा ठीक. फक्त पंप.

अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. जे मोडलंय असं वाटलं ते उघडलं. पंप काढला, सिंकखाली उताणा पडून त्याचे चारही स्क्रू सोडवले, आतला रबरी पडदा पाहिला, झडपा धुतल्या, जाळीतला कचरा काढला. पडदा धडधाकट. पंप परत बसवला. तसाच कण्हला. दीड तास गेला, दहाचा पाना खाली वाळूत पडला तो सापडला नाही, आणि ही बादलीतल्या पाण्याने भांडी घासून झोपून गेली.

मग मल्टिमीटर काढला. तो आधीच काढायला हवा होता. बॅटरीवर १२.५ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. पंप चालू ठेवून त्याच्या दोन टोकांशी मोजलं तर ९.८. मधले २.७ व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं. कोण खातंय ते शोधायची युक्ती सोपी आहे, आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ती शिकून ठेवावी. पंप चालू ठेवा. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला, दुसरी पंपाच्या प्लसला लावा. मधली वायर, फ्यूज, स्विच ठणठणीत असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. माझ्याकडे ०.१ आलं. मग हेच मायनसच्या बाजूने करायचं. तिथे आलं २.६.

म्हणजे जाणारी वाट मोकळी, परतीची वाट बुजलेली. पंपाची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली असते आणि पत्र्यातूनच वीज बॅटरीकडे परतते. तो बोल्ट बिघडला होता. दिवा आणि पंख्याचे बोल्ट वेगळे होते, म्हणून ते मजेत.

पण बोल्ट कुठे? प्लायवूडच्या मागे.

इथे मला थोडं बोलू द्या. गाडी ज्या वर्कशॉपने बांधली त्यांचं सुतारकाम देखणं आहे. एकही स्क्रू दिसत नाही, सनमायकाची पट्टी अशी चिकटवलीय की नख शिरणार नाही. कौतुक करणारा पहिला मीच होतो. “काय फिनिशिंग आहे हो!” असं म्हणून पैसे दिले होते. घरातल्या भिंतीमागे पाइप फुटला तर प्लंबर भिंत फोडतो. इथे भिंत धावते, हादरते, खारी हवा पिते. ती उघडता आलीच पाहिजे. पुन्हा बांधली तर प्रत्येक फळीला स्क्रू असेल, डोक्यासकट, सगळ्यांना दिसणारा.

दिवस चौथा. अजून रेवदंडाच

सकाळी पुट्टीची पात तापवून पट्टी सोडवली. एका जागी सनमायकाचा टवका उडाला. आतला बोल्ट टॉर्चच्या उजेडात पाहिला तर लगभोवती हिरवट पांढरी भुकटी, बोट लावलं तर कोरड्या रांगोळीसारखी सुटणारी.

मीठ हे उद्योगी आहे. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं, तसंच पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धातूवर एक पातळ ओली साय धरतं. गाडी कोरडी दिसते, सांधा आतून भिजलेला असतो. शिवाय तांब्याचा लग आणि लोखंडाचा पत्रा, हे दोन धातू खाऱ्या ओलीत एकत्र आले की छोटीशी बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं.

पण सगळा दोष समुद्राचाही नव्हता. बोल्ट काढला (पाना दुकानातून नवा आणला, तेवढ्यासाठी सायकलने जाऊन), लग उचलला, आणि खाली चकचकीत पत्रा नव्हता, गाडीचा पांढरा रंग होता. लग रंगावरच आवळला होता! इतके महिने वीज जात होती ती बोल्टच्या आट्यांमधून. खाऱ्या वाऱ्याने फक्त उरलेलं काम केलं.

काम असं झालं. आधी बॅटरीची मायनस काढली. रुपयाच्या नाण्याएवढा गोल पॉलिश पेपरने घासून पत्रा चांदीसारखा केला. वायरचं काळं पडलेलं टोक कापून टाकलं आणि स्वच्छ तांब्यावर अलिबागचा लग दाबून बसवला (तेव्हा ‘गरज नव्हती’ लिहिलं होतं ते मागे घेतो). दातेरी वायसर, बोल्ट, घट्ट. सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा जाड थर, हवा आत जाऊ नये म्हणून. मीटर लावला. २.६ च्या जागी ०.१. पंपाने नळातून असं पाणी सोडलं की हिच्या साडीवर उडालं.

दिवस पाचवा. कोर्लई, मुरूड

साळावचा पूल ओलांडून कोर्लई. गावातल्या ख्रिस्ती वाड्यात अजून पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात, चारशे-पाचशे वर्षं जपलेली. किनाऱ्यावर होड्या वर ओढून डागडुजी चालली होती. एका तांडेलकाकांनी आमच्या गाडीला फेरी मारली, खाली वाकून बघितलं, मागच्या पाट्यांवर बोट फिरवलं, जिभेला लावलं.

“गारी धुतली का खालून?”

नाही म्हणालो. वरून पुसली होती.

“वरून काय पुसता? हा खारा वारा कोनाला सोरत नाय. आमी होरी वर घेतली की पयली गोऱ्या पान्यान धुतो.”

मग त्यांनी मला होडीच्या तळाला ठोकलेला जस्ताचा तुकडा दाखवला. अर्धा खाल्लेला. पंखा आणि दांडा वाचावा म्हणून जस्त आधी झिजतं, दरवर्षी नवं लावायचं. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं मला पासष्टाव्या वर्षी कोर्लईच्या वाळूत समजलं.

काशीदला थांबलो नाही. वाळूत एक गाडी रुतली होती, भरती येत होती आणि दहा जण सल्ले देत होते.

दिवस सहावा. आगरदांडा ते दिघी

जंजिरा लांबून पाहिला आणि आगरदांड्याला जंगलजेटीच्या रांगेत लागलो. ओहोटी होती. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो, आणि आमच्या गाडीचं ढुंगण लांब. तरी मी तसाच चढवायला गेलो. मागे कर्रकन आवाज आला.

सांडपाण्याच्या टाकीचा पाइप तोंडाशी तडकला होता. बेसिनचं पाणी ठिबकत होतं, बोटीवरची पोरं बघत होती. दिघीला उतरून सावलीत गाडी लावली. पाइप पुसून कोरडा केला, सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी ताणून सात-आठ वेढे दिले, वरून दोन क्लिपा आवळल्या. एमसील हाताशी होतं, पण हादरणाऱ्या पाइपवर ते पुन्हा तडकतं. रबर हलतं, म्हणून टिकतं. चूक सर्वस्वी माझी. अर्धा तास थांबलो असतो तर पाणी चढलं असतं.

दिवस सातवा. दिवेआगर

गणपतीचं दर्शन घेतलं आणि एका सुपारीच्या वाडीत मुक्काम. राज्याने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, पण आम्हाला या सगळ्या वाटेवर जागा, पाणी आणि वीज दिली ती वाडीवाल्यांनीच. या वाडीतल्या निम्म्या पोफळी कोवळ्या, निम्म्या उंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने मधली पिढीच आडवी केली, मालक सांगत होते. पुन्हा लावलेली पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. माझ्या तडकलेल्या पाइपची गोष्ट मी सांगायची टाळली.

गाडी खालून धुवायची म्हणून विहिरीवर नळी लावली तर मालक म्हणाले, “आधी चव बघा.” मचूळ! समुद्राकडच्या विहिरीत उन्हाळ्याकडे खारं उतरतं. या पाण्याने धुतलं असतं तर मीठ काढून मीठच लावलं असतं. मागच्या विहिरीचं गोडं पाणी घेतलं. पाटे, चाकांच्या कमानी, टाकीचे पट्टे, दारांच्या खालच्या कडा, तासभर नुसतं पाणी. साबण नाही, मोठा दाब नाही. मोठ्या दाबाने मीठ सांध्यात आणखी आत जातं. नंतर गाडी दोन किलोमीटर फिरवून वाळवली.

हिने वहीत लिहिलं, ‘दर चार दिवसांनी, गोडं पाणी, चव बघून.’

दिवस आठवा. हरिहरेश्वर, बागमांडला

शेखाडीचा रस्ता, मग श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथांचं गाव, रोठा सुपारीचं गाव. पावशेर सुपारी घेतली. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेचे खडक चढता-उतरताना माझ्या गुडघ्यांनी पंपासारखे आवाज केले. त्यांचा लग बदलता येत नाही.

रात्री बागमांडल्याला, सावित्रीच्या खाडीकाठी. पलीकडे वेश्वी, रत्नागिरी जिल्हा. उद्याची जेटी भरतीला पकडणार, वेळ विचारून ठेवली आहे. रबराचे वेढे कोरडे आहेत. पंप चालू असताना त्याच्या टोकांशी १२.२ व्होल्ट.

मागच्या भागानंतर एका वाचकांनी विचारलं होतं की गाडीत हत्यारं किती आणि कोणती ठेवावीत. आमची पेटी फार मोठी नाही आणि निम्मी हत्यारं लागतही नाहीत. मल्टिमीटर हवाच. दहाचा पाना मात्र दोन घ्या. एक हरवतोच, माझा रेवदंड्याच्या वाळूत आहे.