बाटलीतली हळद

हळदीला फुले येतात, बी मात्र सहसा धरत नाही. पेशीत गुणसूत्रांचे तीन संच, मिळून 63. जोड्या लागायच्या कशा? आल्याचीही बियांपासून लागवड होत नाही. म्हणून वर्षानुवर्षे बेणे. आणि बेण्याच्या गोणीतून गेल्या साली पडलेली कंदकूजही नव्या रानात पोहोचते. टिश्यू कल्चरची गरज आहे ती इथे.

*

हे काम आपल्याकडे नवे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, मस्कारेन्हस, हेंद्रे आणि जगन्नाथन यांचा हळदीच्या जलद अभिवृद्धीवरचा निबंध 1978 सालचा. याच प्रयोगशाळेने 1990 मध्ये बाटलीत बांबूला फुले आणली, त्याचा गाजावाजा झाला. हळदीचे कुणाला आठवत नाही.

*

कंदाचा डोळा काढून बाटलीत ठेवायचा, असे ऐकायला सोपे वाटते. पण हा डोळा जन्मभर मातीत राहिलेला! वाहत्या पाण्याखाली धुणे, बुरशीनाशक, मग निर्जंतुक द्रावण. तरीही बुरशी चढते ती चढतेच. बुरशी निदान दिसते तरी. कंदाच्या आत दडलेले जीवाणू अधिक लबाड. बाटली कित्येक दिवस स्वच्छ दिसते आणि मग एका सकाळी बुंध्याभोवती दुधाळ कडे. अशी बाटली फेकायची, वाचवत बसायचे नाही.

बाकी कृती ठरलेली: मुराशिगे-स्कूग माध्यम, लिटरला 30 ग्रॅम साखर, अगार, सामू 5.8 च्या आसपास, 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह. बीएपी हे संप्रेरक घातले की फुटवे. आल्या-हळदीच्या कुळाचा एक गुण मला आवडतो: फुटव्यांबरोबर मुळेही बहुधा त्याच माध्यमात सुटतात, निराळी पायरी लागत नाही.

*

थायलंडची सियाम ट्युलिप हळदीचीच बहीण. गुलाबी दिसतात ती फुले नव्हेत, सहपत्रे. खरी फुले त्यांच्या आड, लहानशी, जांभळट. दिवस लहान झाले की झाड झोपी जाते. म्हणून रोपे दिवाळीच्या सुमारास बाटलीबाहेर काढणे म्हणजे निव्वळ नुकसान. उन्हाळ्याच्या तोंडाशी काढावीत, मग कंद भरायला पुरते दिवस मिळतात.

*

केळीच्या टिश्यू रोपांची सवय झालेला शेतकरी पहिल्याच वर्षी भरघोस उत्पन्न मागतो. केळीत ते मिळते. आल्या-हळदीत पहिल्या वर्षी गड्डे बारीक येतात. लागवडीजोगे बेणे व्हायला निदान दोन हंगाम जातात. हे न सांगता रोपे विकणारे या तंत्राचे नाव घालवतात.

*

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरची चवर, हळदीच्याच कुळातली. तिच्या कंदाचे सत्त्व काढतात. अशा रानकंदांसाठी प्रयोगशाळा हवीच, पण एकाच गड्ड्यातून हजारो रोपे काढून सड्यावर लावण्याला मी संवर्धन म्हणणार नाही. ती सगळी म्हणजे एकच झाड. एका रोगात सगळी जातील. डोळे अनेक ठिकाणचे घ्यावेत, आणि कुठल्या गड्ड्याचे कोणते, याची नोंद वहीत असावी.

*

रोपे घेणाऱ्यांना एवढेच: दुसरे हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय, झालेलीच घ्या. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो, थेट उन्हात ते करपते. मातृझाडाची रोगतपासणी झाली का, तेही विचारा. आणि ज्या रानात कंदकूज पडली आहे तिथे टिश्यूचे रोपही लावू नका; रोप कितीही स्वच्छ असले तरी ती माती त्याला सोडणार नाही.