घाटापलीकडचा ब्लू स्क्रीन

पुणेकरांच्या वीकेण्ड डिक्शनरीत पिरंगुट म्हणजे ‘ताम्हिणीला जाताना लागतं ते’! पावसाळ्यात गाडी मुळशी धरणाकडे निघालेली असते, मागच्या सीटवर कुणीतरी गरमागरम भज्यांचा विषय काढतं आणि पिरंगुट कधी मागे पडलं ते कळतही नाही. पण हल्ली बरेच जण इथे थांबायला नाही, चक्क राहायला येतात. छोटे-मोठे कारखाने आधीपासून होतेच. मग सोसायट्या आल्या, वर्क फ्रॉम होमवाली मंडळी आली आणि बेडरूमच्या कोपऱ्यात डेस्कटॉप आले.

माझा एक मित्र त्यातलाच. लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. कोथरूडमध्ये वन बीएचकेला जे भाडं भरायचा, त्यात इथे एक जास्तीची खोली आणि खिडकीतून डोंगर! लाइफ एकदम सेट. मग त्याने पीसी अपग्रेड केला. तेव्हापासून खिडकीबाहेर बघायचा त्याचा मूडच गेला.

चौक सुटला, पुढे काय?

चांदणी चौकातून पिरंगुट बारा-तेरा किलोमीटर. ऑक्टोबर २०२२ मध्ये चौकातला जुना पूल पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला. त्यामुळे चौक झटक्यात पार होतो. पण शनिवारी सकाळी मी निघाले, तर भूगावात पुन्हा रांग. मग भुकूम, मग घाटाची वळणं आणि उतारावर एकदम थंड वारा. गाडीत बसल्या बसल्या वाटलं, पूल कितीही मोठा करा, पुढचा रस्ता तेवढाच असेल तर उपयोग किती? त्याच्या पीसीचंही हेच दुखणं असेल, हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

मित्राच्या मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक्स होत्या. त्याने १६ जीबीच्या दोन नव्या आणल्या आणि रिकाम्या जागी लावल्या. एकूण ४८ जीबी. पीसी सुरू झाला, पार्टी झाली! दुसऱ्या दिवसापासून मात्र ब्लू स्क्रीन. एकदा मेमरीचं नाव, एकदा ड्रायव्हरचं, एकदा तिसरंच काहीतरी. व्हिडिओ एक्स्पोर्ट कधी तीस टक्क्यांवर थांबायचा, कधी नव्वदवर.

“विंडोज पुन्हा टाकू का?” त्याने विचारलं.

“अरे थांब!” मी म्हटलं. “दर वेळी एकाच जागी अडलं असतं, तर फाइलवर किंवा सॉफ्टवेअरवर संशय घेतला असता. रोज नवी तक्रार येतेय ना, मग आधी रॅम बघ.”

खरी धाकधूक वेगळीच होती. आदल्या आठवड्यातल्या लग्नाचं शूटिंग त्याने अपग्रेडनंतर याच मशीनवर कॉपी केलं होतं. मंगळवारी पुढचं लग्न, त्यासाठी कॅमेऱ्याची कार्ड्स फॉरमॅट करायची होती. काकूंनी चहा आणून ठेवला आणि शांतपणे विचारलं, “ते लग्न परत लागणार आहे का रे?” विषय संपला. कार्ड्स कपाटात गेली.

कोण खोटं बोलतंय?

रॅमची एक गंमत आहे. आत प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज. तो गळत राहतो, म्हणून डीडीआर४ मध्ये सगळी मेमरी साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी ताजी करावी लागते. एखादा बिट चुकला, तर सर्व्हरमधली ईसीसी मेमरी तो पकडते. आपल्या घरच्या पीसीत बहुतेक वेळा ती सोय नसते. चुकीचा बिट मुकाट्याने डिस्कवर लिहिला जातो, आणि फाइल वरून ठीकठाकच दिसते. चुका दुर्मीळ असतात, या भ्रमातही राहू नका. गुगलच्या सर्व्हर्सचा २००९ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूल्सवर किमान एक तरी चूक सापडली होती!

मग आम्ही पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ प्लस घेतलं. हे विंडोजच्या आधीच सुरू होतं आणि मेमरीचा कानाकोपरा तपासतं. चारही स्टिक्स लावून टेस्ट सुरू केली. दहा मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळी! मित्राचा चेहराही तसाच.

आता गुन्हेगार कोण? नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पीसी बंद, प्लग काढला, कॅबिनेटच्या धातूला हात लावून स्टॅटिक घालवलं, मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये. दुपारी लाइट गेली, टेस्ट पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. चारही स्टिक्स एकेकट्या पास! जुनी जोडी पास, नवी जोडीही पास. एकत्र आल्या की मात्र भांडण.

म्हणजे खराब कुणीच नव्हतं. चार स्लॉट असले तरी बहुतेक घरगुती बोर्डांवर मेमरीचे चॅनल दोनच असतात, म्हणजे एका रस्त्यावर दोन-दोन स्टिक्स. त्यात मित्राने बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं होतं. खोक्यावर छापलेला वेग मिळतो तो यामुळेच, पण ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंग असतं. एएमडी स्वतः राइझन ५००० मालिकेला दोन स्टिक्सवर ३२०० चा वेग देते, चार लावल्या की प्रकारानुसार २९३३ किंवा २६६७ वर येते. वेगवेगळ्या जोड्या मिसळल्या तर गॅरंटी आणखी कमी. भूगावची रांग आठवली? तेच!

शनिवारी रात्री एक्सएमपी बंद करून चारही स्टिक्सची टेस्ट लावली. बाहेर रातकिडे, आत पंख्याची घरघर. रविवारी सकाळी एरर शून्य. मित्रापुढे दोन पर्याय होते : ४८ जीबी कमी वेगात, किंवा नवी जोडी ३२ जीबी पूर्ण वेगात. त्याने दुसरा निवडला. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये नवी जोडी बसवली, एक्सएमपी चालू करून पुन्हा टेस्ट घेतली आणि मगच विंडोज उघडलं.

कार्डांवरच्या आणि डिस्कवरच्या फाइल्सचे चेकसम, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचे ठसेच म्हणा ना, माझ्या लॅपटॉपवर जुळवून पाहिले. तीन क्लिप्स जुळल्या नाहीत. त्यातली एक होती अंतरपाट दूर होतानाची! कार्ड फॉरमॅट झालं असतं, तर तो क्षण कायमचा गेला असता. तिन्ही कार्डावरून पुन्हा कॉपी केल्या.

तर दोस्तहो, रॅम वाढवायची असेल तर शक्यतो पूर्ण जोडी एकाच खोक्यातली घ्या. पीसी सुरू झाला म्हणजे काम झालं, असं समजू नका. एक रात्र मेमटेस्टला द्या. आणि टेस्ट पास होईपर्यंत जिवाभावाच्या फाइल्स त्या मशीनवर हलवू नका. टेस्ट चालू असताना तसंही स्क्रीनकडे बघत बसायची गरज नसते. पिरंगुटमध्ये असाल, तर खिडकीबाहेर डोंगर आहेच.