आक्रमक कॅट कमी पानांचा असतो

जालन्यात आमच्या मोहल्ल्यात 'पत्ते' हा शब्द चांगल्या घरात मोठ्यानं उच्चारत नाहीत. पत्ते म्हणजे जुगार, जुगार म्हणजे हराम, पुढे बोलायचं काही उरत नाही. म्हणून दहावीतल्या भाच्याच्या मोबाईलवर पत्ते दिसले तेव्हा आपा घाबरली. माझ्या या मोठ्या बहिणीनं आजूबाजूच्या घरांत ऑनलाइन रमीपायी विकले गेलेले दागिने पाहिलेत. ती मला म्हणाली, "तू मास्तर आहेस. बघ आणि सांग, ठेवू की काढून टाकू?"

तिची भीती बिनबुडाची नव्हती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशात बंदी घालणारा कायदा 2025 च्या ऑगस्टमध्ये झाला, तो अशा घरांचे हाल पाहूनच. पत्त्यांच्या निव्वळ खेळाबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, पण पैशाच्या जुगाराबद्दल कोणाचंच दुमत नाही. कुरआनात त्याला 'मैसिर' म्हटलंय आणि दारूच्या जोडीनं त्याचा उल्लेख आलाय. तेव्हा माझ्यापुढे पहिला प्रश्न एवढाच होता की या खेळात पैसा लागतो का? एकदा विकत घ्यायला लागतो, पुस्तकासारखा. त्यानंतर ना पैज, ना जिंकलेली रक्कम, ना समोर लुटायला बसलेला माणूस. आपाला मी तसं सांगितलं. पण मत द्यायचं तर वाचल्याशिवाय पुस्तकाबद्दल बोलू नये, हा माझा वर्गातला नियम इथेही लागू होता. म्हणून मी स्वतः खेळायला बसलो.

खेळाचं नाव 'स्ले द स्पायर'. अमेरिकेतल्या सिएटल शहरात दोन मित्रांनी सुरू केलेल्या मेगा क्रिट नावाच्या लहानशा कंपनीनं तो बनवला. 2019 च्या जानेवारीत तो पूर्ण रूपात आला आणि पुढे मोबाईलवरही आला. एक उंच मनोरा आहे. त्यात राक्षस, भुतं, चोर, जादूचे पुतळे. आपण खालून वर चढत जायचं आणि प्रत्येक लढाई पत्त्यांनी लढायची. तुम्ही मेंढीकोट किंवा बदाम सात खेळला असाल तर तिथं कॅट ठरलेला असतो: बावन्न पानं, पिसा आणि वाटा. इथं गंमत उलटी आहे. कॅट आपणच बांधायचा. प्रत्येक लढाई जिंकली की तीन नवी पानं समोर येतात, त्यातलं एक घ्यायचं. शेवटपर्यंत पोचेपर्यंत हातातला कॅट हा तुमच्या निवडींचा हिशेब असतो.

नवशिक्याला पहिला योद्धा मिळतो तो आयर्नक्लॅड. लाल, दणकट, 80 जीव असलेला. प्रत्येक लढाईनंतर त्याचा 6 जीव भरून निघतो, म्हणजे थोडा मार खाल्ला तरी चालतं. त्याच्याकडे सुरुवातीला दहा पानं असतात. पाच 'स्ट्राइक', म्हणजे साधा वार, प्रत्येकी 6 चा. चार 'डिफेंड', म्हणजे ढाल, प्रत्येकी 5 ची. आणि एक 'बॅश', 8 चा वार, शिवाय शत्रूला दोन वळणं असा घायाळ करणारा की त्यावर पडणारा प्रत्येक वार दीडपट बसतो. दर वळणाला पाच पानं हाती येतात आणि खर्चायला तीन ऊर्जा. स्ट्राइक आणि डिफेंडला एक ऊर्जा लागते, बॅशला दोन.

आता शाळेतलं गणित करून पाहू. तीन स्ट्राइक मारले तर 18. बॅश आणि एक स्ट्राइक मारला तर 8 अधिक दीडपट 6, म्हणजे 17. एक कमी! भाचा म्हणायचा, "मामू, बॅश घाटे का सौदा है." पण पुढचं वळण बघा. शत्रू अजून घायाळ आहे. आता तीन स्ट्राइक हाती आले तर 18 च्या जागी 27. आधी एक सोडला, नंतर नऊ मिळाले. आक्रमण म्हणजे हातातलं सगळं भराभर फेकणं नव्हे, वाराच्या आधी वाराची जागा तयार करणं, हे खेळ पहिल्या पाच मिनिटांत शिकवतो.

भाच्याचा कॅट पाहिला तेव्हा त्यात तीसहून जास्त पानं होती. जे चमकदार दिसलं ते त्यानं उचललं होतं. विषाची बाटली, जादूची साखळी, आगीचा लोळ, ढालीवर ढाल. दुसऱ्या टप्प्यात तो मरायचा आणि म्हणायचा, "कार्डां तो सब भारी थे, फिर बी मर गया मैं." त्याची तक्रार खरी होती. पानं भारीच होती. पण दर वळणाला पाचच हाती येतात. दहा पानांचा कॅट असेल तर बॅश दर दुसऱ्या वळणाला भेटतो. तीस पानांचा असेल तर सहा वळणांतून एकदा. तोवर लढाई संपलेली असते, आणि बहुतेक वेळा आपणच संपलेलो असतो.

म्हणून नवशिक्यानं आक्रमक कॅट बांधायचा तर माझा क्रम असा आहे. पहिल्या टप्प्यात सुरुवातीच्या चार-पाच लढायांत हल्ल्याची चांगली पानं उचला. 'पॉमेल स्ट्राइक' 9 चा वार करतं आणि वर एक पान ओढून देतं, म्हणजे स्वतःची जागा स्वतःच भरून काढतं. 'अँगर'ला ऊर्जाच लागत नाही. 6 चा वार, आणि त्या लढाईपुरती त्याची एक प्रत कॅटमध्ये वाढते. 'ट्विन स्ट्राइक' 5-5 चे दोन वार करतं. यानंतर 'इन्फ्लेम' मिळालं तर सोडू नका. ते एकदा टाकलं की त्या लढाईत प्रत्येक वारात 2 ची ताकद वाढते. ट्विन स्ट्राइकचे दोन्ही वार 7 चे होतात, म्हणजे 14. 'हेवी ब्लेड' तर ताकद तिपटीनं मोजतं: 14 चे 20 होतात. सुटी पानं साधीच असतात, एकमेकांना धरून ती भारी होतात.

एवढं झालं की हात आखडता घ्या. तीन पानं समोर आली की एक घेतलंच पाहिजे असं नाही. 'नको' म्हणायची सोय खेळात आहे, आणि नवशिका तीच सगळ्यात उशिरा शिकतो. फुकट मिळणारी वस्तू नाकारणं आपल्या स्वभावात नाही. लग्नाच्या दावतीत पोट भरल्यावरही बिर्याणीचं ताट पुढे सरकतं, तसंच हे.

वाटेत दुकानदार भेटतो. त्याच्याकडे रत्नं, औषधं, नवी पानं सगळं असतं. पण माझ्या मते तिथली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पान काढून टाकण्याची सेवा. पहिल्यांदा 75 मोहरा, नंतर प्रत्येक वेळी 25 जास्त. आता प्रश्न येतो, काढायचं कोणतं? भाचा म्हणाला, "हल्ल्याचा कॅट आहे ना, मग ढाल काढू." मी म्हटलं, नाही बेटा, स्ट्राइक काढ. त्याला पटेना. हल्ल्याच्या कॅटमधून हल्ल्याचंच पान काढायचं? हो. कारण वाराचं काम आता पॉमेल स्ट्राइक आणि ट्विन स्ट्राइक जास्त चांगलं करतात. 6 चा वार त्यांची वाट अडवून उभा राहतो. ढालीचं काम करणारं दुसरं कोणी अजून आलेलं नाही, म्हणून ढाल राहू दे.

ढाल पुरेशी असली म्हणजे झालं, जास्त मात्र नको. पहिल्या टप्प्यात 'ग्रेमलिन नॉब' नावाचा एक दांडगा भेटतो. त्याचा जीव ऐंशीच्या थोडा वर. पहिल्या वळणाला तो नुसताच ओरडतो. त्यानंतर तुम्ही ढालीचं किंवा तसलं कौशल्याचं पान टाकलं की दर पानामागे त्याची ताकद 2 नं वाढते. म्हणजे घाबरून मागे सराल तितका तो मोठा होतो. त्याच्यापुढे एकच इलाज, मार खाऊन मारत राहणं. ज्याच्या कॅटमध्ये तीन-चार धारदार वार आहेत तो जखमी होऊन का होईना, सुटतो. शेकोटीपाशीही हीच निवड असते: झोप घेऊन जीव भरा, 80 तले 24 परत मिळतात, किंवा एक पान घासूनपुसून धारदार करा. बॅश घासला तर वार 10 चा होतो आणि घायाळपण तीन वळणं टिकतं. जीव बरा असेल तर मी धारच निवडतो.

पण इथं खरं सांगायला हवं. नुसत्या आक्रमणावर पहिला टप्पा निघतो, दुसरा निघत नाही. तिथं शत्रू दोघं-तिघं मिळून येतात आणि एकेका वळणात मोठा मार देतात. तेव्हा सगळ्यांना एकदम लागणारा 'क्लीव्ह'सारखा वार हवा, आणि 'श्रग इट ऑफ'सारखी 8 ची ढाल हवी, जी वर एक पानही ओढून देते. शत्रू पुढच्या वळणाला काय करणार हे त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून ठरवायचं. तो मारणार नसेल तेव्हा सगळी ऊर्जा हल्ल्यात, मारणार असेल तेव्हा त्याच्या माराइतकीच ढाल. जो वाचत नाही त्याला आपण धाडसी म्हणत नाही, अडाणी म्हणतो.

कॅट बांधण्याचं हे वेड नवं नाही, आणि आपल्याला परकंही नाही. बाबरानं 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त गंजिफावर सविस्तर लिहिलंय. जुन्या खेळात बारा रंग, प्रत्येकाची बारा पानं, आणि रंगांची नावं अश्वपती, गजपती, नरपती, गडपती अशी. अकबराला तो जसाच्या तसा चालला नाही, त्यानं पानांत आपल्या मनासारखे बदल केले. पुढे चाललेल्या मुघल गंजिफात आठच रंग दिसतात, म्हणजे 96 पानं. कोकणात सावंतवाडीला याच खेळानं विष्णूचे दहा अवतार अंगावर घेतले आणि दशावतारी गंजिफा 120 पानांची झाली. गोल, हातानं रंगवलेली ती पानं सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून बनतात. आणि हा अबुल फजल काही काळ आमच्या जालन्यात मुक्कामाला होता, असं जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं मोबाईल खाली ठेवून ऐकलं, आणि ते क्वचितच घडतं.

मला हा खेळ धरून ठेवतो तो मात्र माझ्या धंद्यामुळे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो. ही मुलं मराठीच्या पेपरला नॉबपुढे उभं राहिल्यासारखी उभी राहतात आणि ढालीवर ढाल टाकत जातात. गाइडमधले तयार निबंध, तयार पत्रं, तयार कल्पनाविस्तार. तीसेक पाठ केलेले. परीक्षेत हवा तो निबंध हाती येत नाही, आणि आलाच तर तो विचारलेल्या विषयावर बसत नाही.

मी सुरुवातीच्या दहा पानांपासून सुरू करतो. फळ्यावर लिहितो: अर्ज, तारीख, हजर, जमीन, खर्च, दप्तर. मुलं हसतात, "सर, ये तो उर्दू है." मी म्हणतो, ही मराठीही आहे. हा तुमच्या हातात आधीच असलेला कॅट. त्यात दर आठवड्याला क्रियापदं थोडीच घालायची, पण ती रोज वापरायची. वाक्य लहान, आपलं स्वतःचं. पाठ केलेली ओळ दिसली की ती खोडायची. पालक कधी विचारतात, इतकं कमी कसं चालेल? मी सांगतो, जे वेळेला हाती येतं तेवढंच त्या मुलाचं.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं आईच्या रेशनकार्डात नाव दुरुस्त करण्याचा अर्ज स्वतः मराठीत लिहिला. त्याआधी असे अर्ज लिहायला तिची आई बाहेरच्या टायपिस्टला पैसे द्यायची. वर्गात तिनं तो मला दाखवला. सात ओळी होत्या. एकही ओळ गाइडमधली नव्हती. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं नाही. तिनं तो अर्ज तसाच नेऊन दिला, आणि आईच्या नावापुढे आता बरोबर स्पेलिंग आहे.