मोजणीत न येणारा मासा

सांगलीच्या घरात समुद्र आणण्याचा खटाटोप आम्ही दोघी बहिणींनी का केला, याचे समर्थन आता करवत नाही. कृष्णा महाबळेश्वराला, अरबी समुद्रापासून जेमतेम पासष्ट किलोमीटरवर, उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून चौदाशे किलोमीटरांवरच्या बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तिच्या काठी खारे पाणी परकेच. शुद्ध केलेल्या पाण्यात पाकिटातले सागरी मीठ विरघळवायचे, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास राखायचे, जेवढे पाणी उडून गेले तेवढे गोडे पाणी वर घालायचे (पाणी उडते, मीठ राहते), हा आमचा नित्यनेम झाला होता.

मासे पाच. एका सकाळी चार भरले. नाहीसा झालेला होता फायरफिश: पुढून पांढुरका, शेपटीकडे लालभडक, खुट्ट झाले की दगडाच्या फटीत शिरणारा. म्हणून तीन दिवस आम्ही निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी एकेक दगड उचलून पाहिला. ही जात पाण्याबाहेर उडी मारण्याबद्दलही प्रसिद्ध, तेव्हा टाकीमागे, कपाटाखाली विजेरी फिरवली. सुक्या बोंबलासारखे काही मिळेल म्हणून. मिळाले नाही. मुंग्यांची रांगही नव्हती.

जाणकारांपाशी याचे उत्तर तयार असते. लहान मासा फटीत मरतो. शंखात राहणारे खेकडे आणि दगडांत दडलेले केसाळ किडे एका रात्रीत त्याचा फडशा पाडतात. पाण्यात अमोनियाही वाढलेला नव्हता, कारण मुरलेल्या टाकीत एवढ्याशा देहाचा हिशेब जिवाणू परस्पर चुकता करतात. उत्तर बरोबरच असावे. पण ते कुठल्याही माशाला लागू पडते, आणि आमचा एकच हरवला होता.

आम्ही साहित्य शिकवणाऱ्या, तेव्हा कथांकडे वळणे ओघानेच आले. शतपथ ब्राह्मणातला मनू हात धुताना हाती आलेला मासा आधी घड्यात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवतो. तो वाढत जातो, नजरेआड होत नाही. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटात सापडते. मच्छिंद्रनाथही तिथूनच आले. वाळवे तालुक्यातला मच्छिंद्रगड त्यांच्याच नावाचा. आपल्याकडे मासा ही हरवलेले सापडण्याची जागा आहे. खुद्द मासाच हरवला तर काय, हे आम्हाला कुठे वाचल्याचे आठवेना.

आठवले ते साताऱ्याचे घर. १९७४ साली थोरले काका एका सकाळी बाहेर पडले आणि परतले नाहीत. सात वर्षे मागमूस नसेल तर कायदा माणसाला मृत मानू देतो. आजीने ती सवलत घेतली नाही. १९८१च्या आणि पुन्हा १९९१च्या जनगणनेला आलेल्या मास्तरांना तिने काकांचे नाव वयासकट सांगितले. दुसऱ्या खेपेला वयात न चुकता दहा वर्षे मिळवून. ‘ते इथे राहत नाहीत,’ असे आम्ही मास्तरांना दाराबाहेर जाऊन सांगितले होते. तेव्हा आम्हाला तिची लाज वाटली होती.

टाकीत खाणे आम्ही अजून पाचांचे टाकतो. उरलेले कुजून पाणी बिघडते, हे ठाऊक असून. परवा मीठ आणायला गेलो असता दुकानदाराने नवा फायरफिश आल्याचे सांगितले. टाकीत जागा नाही, असे आम्ही दोघी एकदमच बोलून गेलो.