निऱ्यांआडचे पाय

वकिली व्यवसायात बावीस वर्षे काढल्यावर माणसाला एक गर्व जडतो. आपल्याला प्रश्न विचारता येतात, हा तो गर्व. साक्षीदार कितीही बिलंदर असो, त्याच्या पोटातले आपण काढून घेऊच, अशी खात्री काळा कोट अंगावर चढला की आपोआप वाटू लागते. माझा हा गर्व गेल्या वर्षी कार्तिकात, आमच्या कुलदेवतेच्या तळीच्या पायरीवर गळून पडला. आणि त्याला कारण झाले माझ्या थोरल्या बहिणीचे पाय.

माई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिच्या कडेवर बसून मी पहिली पालखी पाहिली. पुढे एकतीस वर्षे ती शाळेत फळ्यापुढे उभी राहिली, घरी चुलीपुढे उभी राहिली आणि देवळात आरतीला उभी राहिली. आमच्या वाड्यावर चवथीच्या फुगड्या तिच्यावाचून सुरू होत नसत. पण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती फुगडीतून बाजूला झाली आणि भिंतीला टेकून नुसती गाणी सांगू लागली. वय झाले, असे तिने सांगितले व आम्ही ते मानले. लुगडे ती घोट्याच्याही खाली नेसू लागली. तळीवर पाय धुवायला सगळ्यांचे आटोपल्यावर एकटीच जाऊ लागली. यातले मला काही दिसले नाही, असे म्हणता यायचे नाही. दिसले होते, विचारावेसे वाटले नाही, इतकेच.

त्या संध्याकाळी पालखी निघण्यापूर्वी अग्रशाळेत विसरलेली पिशवी आणायला मी तळीच्या बाजूने निघालो. माई खालच्या पायरीवर निऱ्या वर घेऊन बसली होती. पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरा मुळ्यांसारख्या वळसे घेत उतरल्या होत्या. घोट्याभोवतीची कातडी तपकिरी आणि निबर झाली होती. आणि आतल्या बाजूला, हळदीने माखलेल्या चिंधीखाली, रुपयाएवढी ओली जखम होती.

"कधीपासून हे?" मी विचारले.

"सात म्हयने जाले."

"मग डॉक्टरांना दाखवायचे नाही?"

"ह्या पिरायेर पांयांक कसली रे सोबाय?" असे म्हणून तिने निऱ्या खाली सोडल्या.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. फुगडी घालताना एकदा एका पोरीने "माईच्या पायांवर गांडुळे आहेत" म्हटले होते आणि बायका हसल्या होत्या. शहरातल्या दवाखान्याची जाहिरात तिने पाहिली होती. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, नको असलेले केस आणि पायांच्या शिरा, सर्व काही शस्त्रक्रियेवाचून! ज्या पाटीवर सुरकुत्या, तिच्यावरच आपल्या शिरा. तेव्हा हा नटव्या बायकांचा उद्योग, असा निकाल तिने स्वतःविरुद्ध देऊन टाकला. डॉक्टरांकडे जायची लाज वाटली म्हणून ती देवीकडे गेली. तिच्या पिशवीत नवसाची चांदीची दोन लहानशी पावले होती.

त्या पावलांना हसण्याचा अधिकार कोणाला नाही. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातले एक नवसाचे शिल्प आहे. त्यात एका माणसाने भलामोठा पाय हातांनी धरला आहे, आणि त्या पायावर एक फुगलेली शीर स्पष्ट कोरलेली आहे. दुखणे जुने आहे, आणि ते देवापुढे ठेवण्याची रीतही जुनी आहे. माईने ते देवीला सांगितले यात वावगे काही नव्हते. फक्त देवीलाच सांगितले, एवढीच तिची चूक. आणि आम्ही कोणी विचारले नाही, ही आमची.

पुढच्या आठवड्यात आम्ही रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे गेलो. रात्री बसून मी प्रश्नांची यादी केली होती; उलटतपासणीसाठी करतो तशीच. बरोबर माईची मुलगीही होती. दोन महिन्यांवर तिचे लग्न आले होते, आणि तोंडाला गुंडाळलेली ओढणी ती काढीत नव्हती.

पहिला प्रश्न अर्थातच माईचा: हा आजार की नुसते रूप? डॉक्टर म्हणाले, दोन्ही असू शकते, म्हणून तर तपासावे लागते. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेले रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांत लहान झडपा असतात. आनुवंशिकता, बाळंतपणे, वर्षानुवर्षे एका जागी उभे राहणे, अशा कारणांनी त्या झडपा निकामी झाल्या की रक्त साचते आणि शीर फुगते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा बहुधा दिसण्यापुरत्याच असतात. पण पाय जड होणे, सुजणे, खाजणे, घोट्याजवळ कातडी काळवंडणे आणि शेवटी जखम होणे, ही आजाराची पायरीपायरीने वाढलेली लक्षणे होत. माई शेवटच्या पायरीवर पोचली होती. डॉप्लर सोनोग्राफीत कोणत्या शिरेत रक्त उलटे वाहते, ते आम्हाला पडद्यावर दाखविण्यात आले.

दुसरा प्रश्न माझा: ती शीर बंद केली, तर तिच्यातले रक्त जाणार कोठे? उत्तर सोपे निघाले. पायाचे बहुतेक रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतूनच वर जाते. बिघडलेली वरची शीर वाट दाखविण्याऐवजी वाट अडवीत असते. ती मिटली की रक्त चांगल्या वाटेने जाते. म्हणूनच त्या खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी पाहावे लागते.

मग उपचार. जागा बधिर करून, सुईच्या छिद्रातून एक बारीक तार शिरेत घालतात आणि लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतून मिटवितात. लहान शिरांत औषध टोचून त्या सुकवितात. तिला स्क्लेरोथेरपी म्हणतात. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०१३ सालापासून मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी याच उपायांना पसंती दिलेली आहे.

"पुन्हा होणारच नाही ना?" माईने विचारले. डॉक्टरांनी वचन दिले नाही, आणि तेथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मिटलेली शीर सहसा उघडत नाही. पण वर्षांनंतर दुसरी फुगू शकते, असे ते म्हणाले. धोकेही त्यांनी न विचारता सांगितले: काळेनिळे पडणे, काही महिने राहणारे तपकिरी डाग, काही काळची बधिरता, आणि क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी. पूर्वी गुठळी झाली असेल, गरोदरपण असेल, कसली ॲलर्जी असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. घट्ट पट्टीसुद्धा पावलाला येणारा रक्तपुरवठा नीट आहे याची खात्री करूनच बांधायची असते.

खर्चाचा प्रश्न मी लेखी उत्तरासाठी ठेवला: एका पायाचा की दोन्ही पायांचा, किती बैठका, तपासण्या व मोजे धरून की सोडून? विम्याच्या करारांत केवळ रूपासाठीचे उपचार सामान्यतः वगळलेले असतात. शिरांचा आजार बहुधा मान्य होतो, पण त्यासाठी पुष्कळदा ठरावीक मुदत उलटावी लागते. तेव्हा 'आजार की रूप' हा माईचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही पहिलाच होता.

शेवटी तिने दबक्या आवाजात विचारले, "देवळांत प्रदक्षिणा घालूं येतली?" डॉक्टर हसले. "जरूर घाला. पाय बिघडतात ते उभे राहून. चालण्याने पोटरी रक्त वर ढकलते. आरतीला मात्र खांबासारख्या उभ्या राहू नका, टाचा वर-खाली करा."

त्यानंतर भाचीने ओढणी काढली. गाल लालभडक, कातडी कागदासारखी पातळ, मुरुमे आणि बारीक लव. गोरे दिसावे म्हणून एका मैत्रिणीने सांगितलेले मलम तिने वर्षभर लावले होते. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. त्या मलमात स्टेरॉइड होते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम २०१८ सालीच झाला आहे. तरी ती मिळतात. लग्नाआधी लेसरने सगळे पुसून टाकावे, असा तिचा हट्ट होता. त्या बाईंनी साफ नकार दिला. लेसरचा प्रकाश कातडीतला रंग शोषून घेतो, आणि आपल्या सावळ्या कातडीत तो रंग मुळातच अधिक. यंत्र चुकीचे निवडले, किंवा सुजलेल्या कातडीवर घाई केली, तर डागाच्या जागी भाजल्याचा नवा डाग पडतो. आधी मलम सुटू दे, कातडी निवू दे, उन्हापासून तोंड जप, एवढाच उपचार त्यांनी सांगितला. लग्नात ती थोडी लालसरच दिसली, आणि नवऱ्या मुलाने ते आनंदाने सोसले.

माईच्या उपचाराच्या दिवशी संमतिपत्र पुढे आले. आपल्या लोकांची सवय अशी, की डॉक्टरांनी कागद दिला की तो न वाचता सही करणे हा आदर. मी तो मोठ्याने वाचून दाखविला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की संमती खरी ठरायची तर उपचाराचे स्वरूप व हेतू, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला आधी मिळाली पाहिजे. आणि तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही. माईने सगळे ऐकले, दोन ठिकाणी अर्थ विचारला आणि शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात सही केली.

एक गोष्ट मला त्या दिवशी उमगली. माईने लाजेपोटी प्रश्न विचारला नाही, भाचीने घाईपोटी विचारला नाही, आणि मी तर प्रश्नांवरच पोट भरतो, तरी घरचेच माणूस म्हणून विचारला नाही. रूपाची हौस हा काही गुन्हा नव्हे. देवीलाही आपण रोज नटवितो. पण हौसेच्या पाटीखाली दुखणे लपते आणि दुखण्याच्या भीतीवर हौस विकली जाते. त्या दोहोंना वेगळे करायला सरळ विचारलेला एखादा प्रश्न पुरतो.

जखम भरायला दहा आठवडे लागले. तपकिरी डाग राहिला आहे, तो राहणारच. चांदीची पावले माईने देवीला वाहिली. नवस तो नवस. यंदाच्या चवथीला ती फुगडीत शिरली. फार नव्हे, दोनच फेर धरले आणि धापा टाकीत बसली.

परवा आरतीला मी तिच्या मागे उभा होतो. टाळांच्या ठेक्यावर तिच्या टाचा वर-खाली होत होत्या. आरती संपली तशी शेजारची एक बाई पदर सावरीत, लुगडे घोट्याखाली ओढीत बाजूला सरकू लागली. माईने तिचा हात धरला आणि हळूच विचारले, "तुज्या पांयांक कितें जालां गो?"