जॉनीचा बार आणि माझा सातबारा

'लिलीहॅमर' दुसऱ्यांदा बघून काढली. २०१२ ते २०१४, तीन सीझन. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीवर पहिला भाग लागला तेव्हा जवळजवळ १० लाख लोकांनी बघितला. अख्ख्या देशाची लोकसंख्या ५० लाख!

गोष्ट अशी. न्यूयॉर्कचा गँगस्टर फ्रँक टॅग्लियानो आपल्याच बॉसविरुद्ध साक्ष देतो. बदल्यात सरकारने नवी ओळख द्यायची, लपायला जागा द्यायची. हा पठ्ठ्या मागतो लिलेहॅमर. का, तर १९९४ची हिवाळी ऑलिंपिक टीव्हीवर बघितली होती, गाव आवडलं होतं. बास. (काम केलंय स्टीव्हन व्हॅन झँटने. स्प्रिंगस्टीनच्या बँडमधला गिटारवाला.)

आता हा जॉनी हेन्रिक्सन झाला. गाव बर्फाचं, माणसं रांगेत उभी राहणारी. परदेशातून आलेल्यांना कामाला लावणारं सरकारी खातं आहे, त्याचं नाव 'नाव'. खरंच. जॉनीला बार काढायचाय. मग तो तिथल्या एका अधिकाऱ्याला कात्रीत पकडतो, परवाना काढतो आणि 'फ्लेमिंगो' सुरू.

पहिल्यांदा बघताना मी खो-खो हसलो होतो. कसली रांग नि कसले नियम, जॉनीभाऊ आहेत ना! गंमत अशी की हे विनोदी वाटतं कारण तिथे ते चालत नाही. आपल्याकडे कुणी काढली तर ती डॉक्युमेंटरी होईल.

मधल्या काळात वडील गेले. सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. अर्ज दिला, पाच हेलपाटे घातले. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, हा कागद नाही, तो जुना झाला. शेवटी चुलतभाऊ म्हणाला, "दादा, असं नाय व्हायचं. आपला माणूस हाय तिथं." पाकीट दिलं. आठ दिवसांत नोंद. खोटं कशाला बोलू, उतारा हातात आला तेव्हा लई बरं वाटलं.

या वेळी बार उघडल्यावर मला हसू आलं नाही. मला बाकावरची ती म्हातारी आठवली. भाकरी बांधून आणायची, प्रत्येक हेलपाट्याला तिथंच बसलेली असायची. तिचीही वारसनोंदच होती, नवऱ्याची. उतारा घेऊन मी निघालो तेव्हा तिनं विचारलं, "झालं का रं बाबा तुझं?"

मी हो म्हणालो आणि गाडीला किक मारली.