कुठे, किती, केव्हा

घरात शू करणारं कुत्रं दवाखान्यात येतं तेव्हा घरच्यांनी त्याचा निकाल बहुधा आधीच लावलेला असतो. "मुद्दाम करतो हो." "आम्ही बाहेर गेलो की राग काढतो." "सगळं कळतं त्याला, बघा ना कशी मान खाली घालतो." पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवताना ही वाक्यं मी सतत ऐकते आणि त्यावर लगेच वाद घालत नाही. मी विचारते, कुठे केली? किती केली? केव्हा केली? करताना तो उभा होता, बसला होता की झोपला होता? पुष्कळदा कुणालाच नीट सांगता येत नाही, कारण डाग दिसल्याबरोबर आधी ओरडणं झालेलं असतं आणि पाठोपाठ फडकं फिरलेलं असतं. मग मी सांगते, पुढच्या वेळी पुसण्याआधी फोटो काढा. शेजारी एखादी चप्पल ठेवा, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. आणि घरी लादी पुसायला मावशी येत असतील तर त्यांना विचारा. कुठला कोपरा रोज ओला असतो, वास कधीपासून वाढलाय, लादी चिकट कधी लागायला लागली, हे घरच्यांच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

आमच्या रोग्याला बोलता येत नाही, म्हणून घराला बोलतं करावं लागतं. माझ्या कामातला हा भाग मला औषधं लिहिण्याहून मोठा वाटतो.

कारण घरात झालेली शू ही एकच गोष्ट नसते. हॉलच्या मधोमध मोठं तळं असेल, तर मूत्राशय भरलं होतं आणि ते नीट रिकामं झालं, एवढं कळतं. मग प्रश्न उरतो की ते बाहेर जाण्याआधी का भरलं. थोडी थोडी, दर अर्ध्या तासाला, कुंथून कुंथून, कधी गुलाबीसर, अशी होत असेल तर मूत्राशयाला सूज किंवा खडा असण्याची शंका आधी घ्यायची. कुत्री झोपून उठली आणि गोधडी ओली, तिला स्वतःला पत्ताच नाही, हे आणखी वेगळं. नराने पाय वर करून सोफ्याच्या कडेला किंवा पाहुण्यांच्या बॅगेवर जेमतेम चमचाभर सोडली, तर ती खूण आहे, मूत्राशय मोकळं करणं नव्हे. आणि दार उघडल्याबरोबर शेपटी हलवत, अंग चोरत, पोट जमिनीला टेकवत पिल्लू जागच्या जागी ओलं करतं तेव्हा त्यात आनंद आणि भीती दोन्ही असतात. अशा पिल्लाला रागावलं तर ते पुढच्या वेळी जास्तच करतं. त्याच्याकडे न बघता, न वाकता आत यावं, दोन मिनिटांनी खाली बसून हलक्या आवाजात हाक मारावी. बहुतेक पिल्लांची ही सवय वय वाढेल तशी सुटते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. किती पितो? "नेहमीसारखाच," असं उत्तर येतं, कारण भांडं घरातलं जो कुणी बघेल तो भरतो. म्हणून मी मोजायला लावते. सकाळी बाटलीने मोजून भांड्यात पाणी घालायचं, दिवसभरात वाढवलं तर तेही लिहायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. बाथरूमचं दार बंद ठेवायचं, नाहीतर बादलीतलं पाणी हिशेबातून सुटतं. निरोगी कुत्रं साधारणपणे दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 60 मिलिलिटरच्या आत पाणी पितं. 100 च्या वर गेलं तर तपासणी टाळू नये. म्हणजे 10 किलोचं कुत्रं लिटरभराहून जास्त पीत असेल, तर त्याला शिस्त लावण्याच्या गोष्टी आपण थांबवायच्या आणि रक्त-लघवी तपासायची. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा बिघाड, या सगळ्यांत कुत्रं आधी पाणी जास्त पितं. मधुमेहात कधीकधी लादीवरच्या डागाला मुंग्या लागतात. घरच्यांना तो किळसवाणा प्रकार वाटतो, मला तो आवर्जून सांगण्यासारखा वाटतो.

नसबंदी न केलेली कुत्री हीटवर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत अचानक खूप पाणी पिऊ लागली, घरात शू करू लागली, जेवण टाकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधी तो बाहेर वाहताना दिसतो, कधी अजिबात दिसत नाही, आणि न दिसणारा जास्त घातक. घरात घाण करते म्हणून दोन-तीन दिवस गॅलरीत बांधून ठेवलेल्या अशा कुत्र्या माझ्याकडे आल्या आहेत. काही वाचल्या, काही नाही.

आणि एक साधं कारण. अंगाला खाज सुटली म्हणून प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी सुरू असते. तिने तहान वाढते आणि लघवीही वाढते. घरच्यांना वाटतं, खाज बरी झाली पण पोराला माज आला. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये, ती उतरवत आणावी लागते. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा बदलता येते, आणि तोवर बाहेरच्या फेऱ्या वाढवता येतात. पाणी कमी करण्याचा उपाय कुणीतरी सुचवतंच. तो कधीही करू नका. ज्याचं मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही त्याचं भांडं उचललं, तर तो एका दिवसात कोरडा पडतो.

लघवीचा नमुना आणा म्हटलं की लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात. जमतं ते. नरासाठी लांब दांड्याचा डाव, मादीसाठी काठ असलेली उथळ स्टीलची थाळी. सकाळची पहिली शू. तिच्या मागे हळू चालायचं, ती बसली की लगेच पुढे करायचं नाही. धार सुरू झाली की बाजूने सरकवायचं, म्हणजे सुरुवातीचे थेंब गाळले जातात. घाई केली तर ती उठते आणि मग तासभर करत नाही. स्वच्छ बाटलीत घालून लवकरात लवकर आणायचं, कारण नमुना पडून राहिला, विशेषतः फ्रिजमध्ये, तर त्यात नंतर तयार झालेले स्फटिक दिसतात आणि दिशाभूल होते. आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून विशिष्ट गुरुत्व बघतो. 1.030 च्या वर असेल तर मूत्रपिंड पाणी व्यवस्थित राखतंय म्हणायचं. ते पुन्हा पुन्हा 1.008 ते 1.012 च्या आत अडकलं असेल तर मूत्रपिंडाकडे वळायचं. मग पट्टी, मग सूक्ष्मदर्शक. मादीत जंतुसंसर्गाबरोबर स्ट्रुव्हाइटचे स्फटिक सापडतात, डाल्मेशियनमध्ये जन्मजात दोषामुळे युरेटचे खडे होतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर बघताना मला अजूनही उत्सुकता वाटते. घरातल्या भांडणाचं उत्तर कधीकधी तिथे स्पष्ट पडलेलं असतं.

झोपेत ओलं करणाऱ्या कुत्र्यांविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. नसबंदी झालेल्या, विशेषतः मोठ्या बांध्याच्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचं तोंड आवळून धरणारा स्नायू काही काळाने सैल पडू शकतो. जागेपणी सगळं ठीक, गाढ झोपेत गळतं. एका लॅब्रडॉर कुत्रीचं असंच झालं. वर्षानुवर्षं ती घरातल्या मुलीच्या पलंगावर झोपायची. गाद्या खराब व्हायला लागल्या तशी तिची जागा आधी हॉलमध्ये, मग पॅसेजमध्ये, मग गॅलरीत गेली. तिला कारण कळणं शक्यच नव्हतं. लघवीत संसर्ग नाही, साखर नाही, याची खात्री करून औषध सुरू केलं, आणि काही आठवड्यांत गळणं जवळपास थांबलं. औषध दीर्घकाळ द्यावं लागतं. म्हणून नसबंदीच नको, असा अर्थ मात्र काढू नये. गर्भाशयातल्या पुवापासून ती कुत्रीला वाचवते, आणि गळणं आवरता येतं.

आता त्या खाली घातलेल्या मानेबद्दल. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ खाऊ नकोस असं कुत्र्याला सांगून मालकाने खोलीबाहेर जायचं, आणि कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगायचं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर, कुत्र्याने खाऊ खाल्ला असो वा नसो. म्हणजे कुत्रं आपला आवाज आणि आपलं अंग वाचत असतं. लादीवर सुकलेल्या डागाजवळ त्याचं नाक घासलं तर ते दोन तासांपूर्वीच्या कृतीशी त्याचा संबंध जोडत नाही. ते एवढंच शिकतं की शू आणि माणूस एका ठिकाणी असले की धोका असतो. त्यानंतर ते सोफ्यामागे करू लागतं, आणि रस्त्यावर साखळीला असताना तुमच्यादेखत करायला कचरतं. मग घरचे म्हणतात, बघा, लबाड आहे.

शिकवणं त्यामानाने सोपं असतं, फक्त ते लवकर सुरू व्हावं लागतं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की आईच्या जागेपासून दूर जाऊन शू करू लागतं. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या पिढ्या वाढवून 1965 मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात हे टप्पे नोंदले आहेत. आठ-नऊ आठवड्यांपर्यंत पिल्लाची ठरावीक जागा आणि ठरावीक पृष्ठभाग पक्का होऊ लागतो. नेमक्या याच वयात ते आपल्याकडे येतं, आणि आम्हीच सांगतो की लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेऊ नका. ते वर्तमानपत्रावर आणि मऊ पॅडवर शिकतं. चार महिन्यांनी आपण पॅड उचलतो आणि ते शेजारच्या पायपुसण्यावर करतं. त्याच्या पायांना तेच तर सांगितलेलं असतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून गॅलरीत माती-हिरवळीचा ट्रे ठेवायला सांगते. पुढे खालची जमीन त्याला ओळखीची लागते.

वय जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवून जेवढे तास होतील, तेवढंच पिल्लू जास्तीत जास्त धरू शकतं, असा ढोबळ आडाखा आहे. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर न्यायचं. शू झाली की तिथल्या तिथे खाऊ, घरी आल्यावर नव्हे. आणि शू झाल्याबरोबर परत फिरायचं नाही. हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. शू केली की फिरणं संपतं, हे हुशार कुत्र्याला चार दिवसांत कळतं, आणि मग ते धरून ठेवतं. आधी शू, मग बक्षीस म्हणून फेरी, असा क्रम हवा. पावसाळ्यात ओल्या गवतावर पाय ठेवायला कित्येक कुत्री तयार नसतात. त्यांना इमारतीखालच्या पार्किंगमधली एखादी कोरडी जागा जूनच्या आधीच शिकवून ठेवावी, आणि ती नंतर पाण्याने धुवावी.

फिनेलने लादी पुसली की आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाही. आधी कोरड्या कापडाने शोषून घ्यावं, मग एन्झाइम असलेलं क्लीनर ओतून सांगितलेला वेळ तसंच ठेवावं. अमोनियाचा उग्र क्लीनर वापरू नये, तो स्वतःच लघवीसारखा वास देतो. आणि पुसताना हातमोजे घालावेत, विशेषतः पावसाळ्यात. लेप्टोस्पायरा जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात, कुत्र्यांना होतात, आणि कुत्र्यांच्या लघवीतून माणसांकडे येऊ शकतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती विसरता कामा नये. कुत्र्याला दरवर्षी लेप्टोची लस द्यावी, आणि पुसणाऱ्या मावशींच्या हातात मोजे आहेत का ते बघावं. त्यांच्या हाताला भेगा असतात.

नराच्या खुणा करण्यावर नसबंदीने बऱ्याच कुत्र्यांत फरक पडतो, सगळ्यांत नाही. गणपतीत पाहुणे येतात, ढोलताशे वाजतात, दिवाळीत फटाके फुटतात, तेव्हा शिकलेलं कुत्रंही घरात करू शकतं. त्या दिवसांत त्याला आतली शांत खोली द्या, फेऱ्या आवाज सुरू होण्याआधी उरकून घ्या.

एका सोसायटीत कुत्र्यांना लिफ्ट बंद होती. सातव्या मजल्यावरचं म्हातारं स्पिट्झ, गुडघे दुखणारं, जिन्याने उतरता उतरता चौथ्या मजल्यावरच करून मोकळं व्हायचं, आणि पुढे पुढे दारातच. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत सोसायट्यांनी पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारू नये असं आहे. त्याची प्रत आणि माझं गुडघ्यांचं प्रमाणपत्र जोडून घरच्यांनी समितीला पत्र दिलं, आणि लिफ्ट मिळाली. दारातली शू कमी झाली, पण थांबली नाही. रात्री तो दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभा राहायचा, दार उघडलं तरी तिथेच. म्हातारपणी मेंदू थकला की कुत्रं घरातल्या घरात हरवतं. त्याला पूर्ण बरं करणारं औषध नाही. आता रात्री झोपण्याआधी मुलगा आणि पहाटे चारला आजोबा त्याला खाली नेतात, मधल्या वेळेसाठी दाराशी पॅड असतं आणि पॅसेजमध्ये एक छोटा दिवा. मूत्रपिंडाची तपासणी पुढच्या महिन्यात पुन्हा करायची आहे. तोवर पाण्याचं भांडं भरलेलंच ठेवा, एवढं मी आजोबांना दोनदा सांगितलं.